हाकेच्या अंतरावरची शाळा

॥ श्री ॥

दि. ४ मार्च

चि. सौ. ठकीस अ. उ. आ.

ज्या कृपेने वाणीला वाट मिळते आणि मौनालाही अर्थ येतो, त्या कृपेला प्रथम वंदन करून मग कामाकडे वळतो. तुझे पत्र पोहोचले. इतका मोठा प्रश्न तू फोनवर न विचारता कागदावर विचारलास, याचे समाधान वाटले. फोनवरचा सल्ला फोन ठेवताच विरतो; कागदावरचा सल्ला चुकला, तर निदान भांडायला पुरावा उरतो.

टिटवीला माध्यमिक शाळेत घालण्याचे वर्ष आणि जावईबापूंची इकडे झालेली बदली एकाच वेळी यावी, ही योजना माणसाची नव्हे. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करून लोकांना वर-खाली पोहोचवणारे जावईबापू या खेपेस स्वतःच आडवे सरकणार, याची मला गंमत वाटते. असो. तू लिहितेस त्याप्रमाणे येथील शाळा आपापल्या भागात राहणाऱ्या मुलांनाच घेतात, म्हणून आधी शाळा ठरायची आणि मग घर. एप्रिल संपण्यापूर्वी नाव द्यावे लागेल. तुझ्या मनात दोन शाळा आहेत. दोन्ही पाहून आलो. न्यायाधीशाने पाहावे तसे पाहिले, असा माझा दावा आहे.

नदीपलीकडची नवी शाळा आधी सांगतो, म्हणजे नावडते काम उरकेल. ती शाळा नव्हे, गोदाम आहे. पूर्वी तेथे बिस्किटांचे खोके ठेवीत, आता मुले ठेवतात. घंटा नाही. प्रार्थनेला मैदान नाही. मुले गोल टेबलांभोवती एकमेकांकडे तोंडे करून बसतात, जणू पत्ते कुटायला जमली आहेत. एका वर्गातून रंधा मारल्याचा आवाज येत होता आणि बोळभर लाकडाचा भुसा पडला होता. मी माझे जोडे झाडीत बाहेर पडलो.

आता आपली शाळा. ठकी, मी फाटकातून आत शिरलो आणि माझी वीस वर्षे गळून पडली. तोच दगडी जिना, मधोमध झिजलेला. तीच उंच खिडकी, जिच्याखाली बसून तू गणिताच्या तासाला ढग मोजायचीस. आताच्या मुख्याध्यापिका माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभ्याच राहिल्या. बसा म्हणून मलाच दोनदा सांगावे लागले. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सकाळचे वाचन अजून चालू आहे. मी भाषेचा शिक्षक असताना तो पाठ घालून दिला होता, हे तुला ठाऊक आहेच. रोज एका मुलाने मंचावर उभे राहून सगळ्या शाळेपुढे एक पान मोठ्याने वाचायचे. हजेरीच्या क्रमाने, हुशार आणि ढ असा भेद न करता, कोणालाही सूट नाही. तू वाचायचीस तेव्हा मागच्या रांगेतला शिपाईसुद्धा झाडू थांबवून ऐकायचा.

शिवाय माझ्या घरासमोरच्या शिंप्याच्या घराचा वरचा मजला रिकामा होतो आहे. मी तुला न विचारता त्याला थांबायला सांगितले आहे. खिडकीची कडी मोडली होती, ती काल बसवून दिली. त्या खिडकीतून टिटवीने हाक मारली, की मी माझ्या खिडकीतून ओ देईन. तिला टिटवी हे नाव मीच दिले ना? पाळण्यात होती तेव्हा सारी आळी जागी करायची. आताशा फोनवर मात्र नुसती श्वास घेते. मोठी होते आहे, आजोबांची भीड पडत असेल.

उत्तर लवकर धाड. तुझ्यावर आणि तुझ्या घरावर ईश्वराची छाया राहो.

तुझा,
नाना

दि. १२ मार्च

ती. नानांस शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचून ह्यांना इतके हसू आले, की हातातला पाना पायावर पडला. आडवे सरकण्याचे वाक्य त्यांनी कामावर जाऊन सगळ्यांना सांगितले. न्यायाधीशाने पाहावे तसे पाहिलेत, हे मात्र खोटे, नाना. एका शाळेत तुम्ही जोडे झाडलेत आणि दुसरीत वीस वर्षे! मी दिवसभर लोकांची नजर तपासते. एका डोळ्याने पाहणारे गिऱ्हाईक मला लगेच ओळखू येते.

पण खरे सांगू? वाचता वाचता मलाही तो जिना पायाखाली आला. खडूचा वास, मंचावर वाचून झाल्यावर तुम्ही मागे उभे राहून न हसता केलेली मानेची खूण. घरी आल्यावर मी ती खूण आरशात करून पाहायची. तसे दिवस पुन्हा येणार नाहीत, हे कळते. तरी कुणी त्यांची कडी वाजवली, की दार उघडावेसे वाटते.

तरीही नाना, आमचा विचार नदीपलीकडच्या शाळेकडे झुकतो आहे. तिथली प्रयोगशाळा नवी आहे म्हणे. ह्यांना तिकडून कामावर जाणे सोपे पडेल. आणि आपल्या शाळेचा तो जिना चढायला कठीण आहे. टिटवीला हाताने काही करायला आवडते, तिथे सुतारकामही शिकवतात. तुमच्यापासून आम्ही पूल ओलांडून दोन बस दूर राहू, हे मला ठाऊक आहे, आणि ते लिहिताना हात जड होतो आहे. शिंपीकाकांना अडवून धरू नका. त्यांचे भाडे बुडेल आणि शिलाईत सूड उगवतील.

टिटवी बरी आहे. अभ्यास फार असतो, म्हणून फोनवर बोलत नाही. वेळेवर जेवा. असेच रागवा आणि असेच लिहा.

तुमची,
ठकी

दि. १८ मार्च

चि. सौ. ठकीस अ. उ. आ.

पत्र मिळाले. दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तुझी कारणे दिसली. दुसऱ्या वाचनात कारणांच्या मागे काहीच दिसेना, आणि ते अधिक लागले.

बारा वर्षांच्या पोरीला जिना कठीण, हे कारण तू मला लिहितेस? तुझा म्हातारा बाप या वयात तो जिना चढून आला. जावईबापूंचे कामाचे ठिकाण पुलाच्या अलीकडे आहे, हे मी नकाशात पाहिले. मला म्हातारपणाचा हेका आहे, हे मान्य. पण आडून बोललेले ओळखण्याइतके कान अजून शाबूत आहेत. माझ्या समोर राहणे नकोसे वाटत असेल, तर तसे लिही. बापाला सत्य पचते. सबब मात्र पोटात राहते.

शिंप्याने काल विचारले, की नाना, माप तर घेऊन ठेवले, कापड केव्हा येणार? मी सांगितले, गाडी वाटेत आहे.

ईश्वर तुला स्पष्ट बोलण्याचे बळ देवो.

नाना

दि. २५ मार्च

ती. आजोबांना सा. न.

आजोबा, हे पत्र मी आईला विचारून लिहिते आहे, पण आत काय लिहिले ते तिने वाचलेले नाही. तिने फक्त तिकीट लावले.

तुम्ही आईवर रागावलात. तुमचे पत्र वाचून ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली. भांडी आधीच घासलेली होती. तिला तुमच्यासमोर राहायचे नाही, असे नाहीये. माझ्यामुळे आहे.

मी अडखळते. म्हणजे चालताना नाही, बोलताना. शब्द येतो आणि दारात उभा राहतो. मी त्याला ढकलते तेवढा तो घट्ट होतो. दोन वर्षे झाली. आईला वाटले, आपोआप जाईल. मग वाटले, तुम्हाला कळले तर तुम्हाला वाईट वाटेल, कारण तुम्ही सगळ्यांना नीट बोलायला शिकवलेत. एकदा बातम्या सांगणारा माणूस एक शब्द चुकीचा बोलला, तर तुम्ही टीव्हीवर ओरडला होतात. मी तेव्हा तिथेच होते.

फोनवर सगळ्यात कठीण जाते. समोरच्याला चेहरा दिसत नाही, त्यामुळे त्याला वाटते फोन तुटला. तुम्ही हॅलो हॅलो म्हणता आणि मग आई फोन घेते. मी तेव्हा "आजोबा" म्हणतच असते. आई माझी वाक्ये पुरी करते. ती प्रेमाने करते, पण मग ते वाक्य माझे राहत नाही. बाबा थांबतात, पण त्यांचा चेहरा लिफ्ट अडकल्यासारखा होतो.

तुमच्या शाळेत मला यायचे होते. आईने त्या खिडकीची गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे, की मला तिथून दिसणारे ढगसुद्धा माहीत आहेत. पण तिथे सकाळी सगळ्यांसमोर वाचायचे आहे. माझी पाळी आली, तर ते पान संध्याकाळपर्यंत संपणार नाही.

लिहिताना मी अजिबात अडखळत नाही. बघा, एकही खाडाखोड नाही. तुम्ही आईशी कट्टी सोडा.

तुमची,
टिटवी

दि. ६ एप्रिल

॥ श्री ॥

चि. सौ. ठकीस अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. टिटवीचे पत्र आले, आणि त्यानंतर मला प्रथम थोडे चालावे लागले, मग काही पाहावे लागले, आणि मग बसून आठवावे लागले. त्याच क्रमाने लिहितो.

आधी आपल्या शाळेत गेलो. या वेळी खुर्ची घेतली नाही. मैदानाच्या टोकाला, रांगांच्या मागे उभा राहिलो. इतकी वर्षे मी मंचाच्या बाजूला उभा राहून वाचणाऱ्याकडे पाहिले होते. उद्या ज्याची पाळी आहे, त्याच्याकडे कधी पाहिले नव्हते. तो दिसतो, ठकी. शोधावा लागत नाही. सगळी मुले वाचणाऱ्याकडे पाहत असतात आणि हा एकटा मंचाच्या पायऱ्यांकडे.

मुख्याध्यापिकाबाईंना गोष्ट सांगितली. त्या भल्या आहेत. प्रथम म्हणाल्या, की नाना, सूट नाही हा तुमचाच नियम. आम्ही तो देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा जपला. मग माझे तोंड पाहून म्हणाल्या, की तुमच्या नातीला आम्ही वगळू, काळजी करू नका. मी आभार मानून उठलो. पण जिना उतरताना मनात आले, की सगळी शाळा वाचते आणि एकटी वगळली जाते, ती सूटही एक मंचच झाली. त्यावर मूल पाठमोरे उभे असते, एवढाच फरक.

मग पूल ओलांडून त्या गोदामात गेलो. भुसा तसाच होता. जोडे या वेळी झाडले नाहीत. सुतारकामाच्या वर्गात बसू दिले. एका मुलीचे स्टूल डुगडुगत होते आणि ते का डुगडुगते, हे तिला सांगायचे होते. तिला शब्द सापडेनात. मास्तरांनी कानामागची पेन्सिल काढून पुसली, पुन्हा कानामागे ठेवली, आणि वाट पाहिली. मुलांनीही पाहिली. वर्गात शांतता होती, पण दटावलेली नव्हती. अखेर तिचे तिने सांगितले, आणि चौथा पाय कापायला घेतला. नंतर मी मास्तरांना विचारले, की मुलांना असे थांबायला कसे शिकवलेत? त्यांना प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, की घाई कसली, तास जेवणाच्या सुट्टीपर्यंत आहे. शेजारच्या खोलीत मुले दोघादोघांनी एकच पुस्तक धरून वाचत होती, दोन आवाज एका ओळीवर. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो, आणि तिथेच मला तुझी आई आठवली.

आता जे लिहितो, ते तुला कधी सांगितले नाही. लपवले नाही, सांगायचे आहे, हेच विसरलो होतो. तुझी आई अशीच अडखळे.

तू बोलू लागण्यापूर्वीच ती गेली, म्हणून तुझ्या कानांत तिचा आवाज नाही. ती बियाण्यांच्या दुकानात काम करायची. खिडकीतल्या कुंडीत काय लावावे, हे विचारायला मी गेलो. ती उत्तर देऊ लागली आणि शब्द अडला. मालकाने तिच्याऐवजी उत्तर दिले. मी त्याला म्हटले, की मी त्यांना विचारले आहे. मालक दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे वळला. ती उन्हाने लाल झाल्यासारखी लाल झाली, आणि मी तराजूकडे पाहत उभा राहिलो. शेवटी तिने सांगितले. काय सांगितले, ते आनंदात ऐकलेच नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला गेलो. त्या कुंडीत कधी काही उगवले नाही. संसार मात्र उगवला.

संध्याकाळी आम्ही दोघे एकच ग्रंथ मधे धरून वाचत असू. दोघांची बोटे एका ओळीवर. तशी वाचताना ती कधी अडली नाही. माझा आवाज काठीसारखा धरून ती सरळ चालत जाई, आणि पुष्कळदा मीच मागे पडे.

तुला वाटले, की मला नातीची लाज वाटेल. ती समजूत तुझी एकटीची चूक नाही. टीव्हीवर ओरडणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल दुसरे काय वाटावे? पण पोरी, त्या दारातल्या शब्दाची वाट पाहण्यात माझे तारुण्य गेले, आणि त्याइतके चांगले काही माझ्या हातून घडले नाही. मग मी हे विसरलो कसे? गेले कित्येक दिवस हेच शोधतो आहे. उत्तर असे सापडते, की माझ्या आठवणीत ती कधीच अडखळत नाही. स्पष्ट, भरभर बोलते. जे मी तिच्या हयातीत एकदाही केले नाही, ते माझ्या आठवणीने तिच्या पश्चात केले: तिची वाक्ये परस्पर पुरी करून टाकली. शाळेचेही तसेच. ज्यांनी छान वाचले, त्यांचेच आवाज मी जपले, आणि त्यालाच शाळा म्हटले.

म्हणून माझा सल्ला, या वेळी दोन्ही डोळ्यांनी पाहून: नदीपलीकडची शाळा. घर तिकडेच घ्या. शिंप्याला सांगून टाकले. तो म्हणाला, की नाना, माप घेतल्यावर गिऱ्हाईक पळाले म्हणायचे. मी म्हटले, माप चुकले होते. कडी मात्र छान बसली आहे. कोणाला तरी उपयोगी पडेल.

मला दोन बस दूर वाटतात का? वाटतात. खोटे कशाला लिहू? पण हाकेच्या अंतरावर राहून जी हाक मारताच येणार नाही, तिच्यापेक्षा लांबून आलेली हाक बरी.

तुमच्या घरावर कृपेची सावली अखंड असो.

नाना

दि. १४ एप्रिल

ती. नानांस शि. सा. न. वि. वि.

पत्र टिटवीसमोर मोठ्याने वाचायला घेतले आणि आईच्या भागाशी माझाच आवाज अडला. टिटवी थांबली. तिने माझे वाक्य पुरे केले नाही. नाना, घरातली सगळ्यात शहाणी माणसे गप्प बसलेली असतात, हे मला आत्ता कळते आहे.

आईचा फोटो मी इतकी वर्षे पाहते. तिचे ओठ किंचित उघडे आहेत. मला वाटायचे, फोटो काढणाऱ्याने घाई केली. आता वाटते, ती काही सांगत होती आणि तो थांबला नाही. टिटवीने तो फोटो स्वतःच्या टेबलावर नेऊन ठेवला आहे. मला तो परत मागण्याची सोय नाही.

नाव दिले. पुलाच्या तोंडाशीच दोन खोल्यांचे घर मिळाले आहे. तिसरी खोली म्हणजे आरामखुर्ची मावेल एवढी गच्ची. ह्यांनी बसथांब्यापासून दारापर्यंत चालून पाहिले आणि सांगितले, की नानांना म्हणावे, इथे जिना नाही, लिफ्ट आहे, आणि ती कधी अडकली, तर माणूस घरचाच आहे. आणि एक लक्षात ठेवा: पूल दोन्ही बाजूंनी ओलांडता येतो. तुम्ही तर असे लिहिलेत, जणू तो एकीकडून बंदच आहे!

मी वाक्ये पुरी करणे सोडते आहे. सवय जुनी आहे. ओठ चावून ठेवावे लागतात, त्यामुळे सध्या माझाच चेहरा लिफ्ट अडकल्यासारखा दिसतो.

शिंपीकाकांना माझा नमस्कार. तुमची माया आहे तशीच मागते. कमी करायची असेल, तर आधी पत्राने कळवा.

तुमची,
ठकी

दि. २० एप्रिल

॥ श्री ॥

चि. टिटवीस अ. उ. आ.

काल संध्याकाळी फोन वाजला. उचलला. पलीकडे कोणी बोलेना. मी हॅलो म्हणालो नाही. खुर्ची ओढून घेतली आणि बसलो. समोर शिंप्याचे यंत्र चालू होते, ते मधेच थांबले. दोरा तुटला असावा. पाखरे घरी निघाली होती. तुझा श्वास ऐकू येत होता, आणि त्यामागे तुझ्या आईने बाजूला सरकवलेल्या खुर्चीचा आवाज. माझ्या पेल्यातले दूध निवले. मला कसलीही घाई नव्हती. अशी वाट पाहायला मला फार दिवसांनी मिळाली होती.

मग तू "आजोबा" म्हणालीस. सगळा शब्द, तुझा तू, शेवटच्या अक्षरापर्यंत.

मी ओ दिली, ती जरा घोगरी आली. त्याचा दोष दुधाला दे.

घर लागले, की शनिवारी ये, किंवा मी येतो. तुझ्या आजीचा आणि माझा ग्रंथ मी झाडून ठेवला आहे. पानांच्या कडा दोन्ही बाजूंनी झिजल्या आहेत: एक बाजू तिची, एक माझी. तू तिच्या बाजूला बस. ओळीवर बोट तू ठेव, मी तुझ्या आवाजाबरोबर येईन. आणि तुला एकटीने वाचावेसे वाटले, तर मी ऐकेन. एक पान संध्याकाळपर्यंत पुरले, तर आपली संध्याकाळ सार्थकी लागली असे समजू.

आणि हा कागद ज्याच्या ज्याच्या हाती पडेल, तो मोठ्याने वाचो, मनात वाचो किंवा अडखळत वाचो, त्याला त्याचे वाक्य पुरे करण्यापुरता वेळ मिळो, आणि ते ऐकायला थांबणारे माणूस मिळो. सर्वांचे कल्याण असो.

तुझे,
आजोबा